आसाराम परटाचा चुकलेला गठ्ठा

आसाराम परटाने उभ्या जन्मात एकच गठ्ठा चुकीच्या घरी टाकला, आणि तो नेमका माझ्या घरी. त्यावरून पारनेरात त्याची जी चेष्टा झाली, तिच्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तसा माझा आवाज मोठाच. तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. शेवटच्या बाकावरच्या पोरीला नद्या ऐकू नकोत जायला? पण त्या चेष्टेमागची खरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण आसारामने तशी गळ घातली होती. आता तो गेला, आणि ज्यांच्यापासून लपवायचं तेही बहुतेक गेले. तेव्हा सांगून टाकते.

आसाराम दिसायला बुटका, काटक, मिशा पांढऱ्या आणि सायकल काळी. सायकलवर मागे एवढा गठ्ठा असे की समोरून आसाराम दिसायचा आणि मागून नुसता गठ्ठा चाललेला दिसायचा. गावभराच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सदऱ्याला मात्र कधी इस्त्री नसे. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "बाई, माझं कापड न्यायाला कोन येतं का दारात?"

सोमवारी कपडे न्यायचे, गुरुवारी आणून द्यायचे, हा त्याचा नेम. पण आणून देण्याच्याही त्याने तऱ्हा पाडल्या होत्या, आणि कुणाला कुठली द्यायची ते तोच ठरवी. आपण मागून मिळत नसे. पहिली दारपोच. म्हणजे उंबऱ्यावर गठ्ठा ठेवायचा, कडी वाजवायची आणि पुढे सटकायचं. ज्यांच्याशी दोन शब्द बोलण्याची त्याची इच्छा नसे त्यांना दारपोच. गावातले दोन वकील कायमचे दारपोच होते. दुसरी हातपोच, म्हणजे घरच्या बाईच्या हातात एकेक कापड मोजून द्यायचं. आणि तिसरी कपाटपोच. हा मान गावात चारच घरांना होता. त्यात आसाराम वहाणा काढून सरळ आत येई, कपाट उघडी आणि कपडे जागच्या जागी लावून जाई. आमचं घर कपाटपोच. माझी आई, भागिरथी तिचं नाव, तिला या गोष्टीचा एवढा अभिमान की पाहुण्यांना ती हे सांगितल्याशिवाय चहा देत नसे.

या मानाची किंमत मला मोजावी लागे. आसाराम माझं कपाट त्याच्या मर्जीने लावायचा, आणि लावता लावता माझी शाळा घ्यायचा. "बाई, ही शाई पदराला कशापायी? पोरींना म्हनायचं रुमाल आना, आन आपुन हात पुसायचे पदराला." आई पदराआड हसायची. पोरींना दटावणारी मी तिथे मान खाली घालून उभी.

चौथी एक तऱ्हा होती, यष्टीपोच. शालू, कोट असलं भारी कापड ड्रायक्लीनला नगरला जाई. सकाळच्या बसने कंडक्टरच्या हवाली करायचं, तिकडून गुरुवारच्या बसने परत. या ड्रायक्लीनवर आसारामचा काडीचा विश्वास नव्हता. पाणी न लावता कापड स्वच्छ होतं म्हणजे काय होतं, हे त्याला कुणीच पटवू शकलं नाही. "आंगूळ न करता पावडर लावल्यावानी हाय ते," म्हणायचा.

त्याला अक्षर येत नव्हतं. पण कापडावर त्याची खूण असे. बिब्ब्याचा काळा रस काडीने लावायचा, एकदा लागला की कापड विरेल पण खूण जाणार नाही. बाकीचे परीट फुली-बिली काही मारत. आसारामची रीत वेगळी. घरातल्या मोठ्या माणसाला एक उभी रेघ, लेकराला टिपका. तीन रेघा आणि दोन टिपके म्हणजे आमच्या शेजारचे पोस्टमास्तर. घरात बाळ झालं की पहिली झबली धुवायला आल्यावर तो नवा टिपका देई, आणि तेवढा टिपका द्यायला खास चांगला बिब्बा निवडी. आमच्या जुन्या चादरींवर तीन रेघा होत्या. वडील गेल्यावर घेतलेल्या कपड्यांवर दोन, आई आणि मी. कधी अंथरूण घालताना तीन रेघांची चादर हातात आली की आई ती वडिलांच्या जागी घाली.

आता इतकी घरं जाणणाऱ्या माणसाच्या पोटात काय काय असेल, सांगा! आई खोदून खोदून विचारायची, "काय रे आसाराम, सावकाराच्या सुनेला दिवस गेलेत म्हणतात, खरं का?" आसाराम कपाटात डोकं घालून म्हणायचा, "आक्का, मी कापडं धुतो. घरं धुत न्हाई." मग वर तोंड करून सांगायचा, "एकदा परीट बोलाया लागला, का लोक घरीच धुया लागत्यात." बास, पुढे हूं की चूं नाही. सत्तावीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे झाला नाही आणि एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही, असा त्याचा दिमाख. दिमाख म्हणजे काय, बाजारात चारचौघांत बोलून दाखवायचा तो.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळंच उलटंपालटं झालं. ओढा आटला, गावातल्या विहिरींनी तळ दाखवला. आसाराम दोन कोसांवरच्या एका विहिरीवर सायकल दामटत कपडे धुवायला जाऊ लागला. "आता समदं गावच ड्रायक्लीन हुनार बाई," असं म्हणून हसायचा, पण गुरुवार चुकवायचा नाही.

त्याच दुष्काळात रस्त्याची कामं निघाली आणि आमच्याकडे एक ओव्हरसीयर आले. उत्तमराव. उंच, गोरे, बोलायला मऊ. स्टँडमागे रतनबाईंच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन एकटेच राहायचे. दर शनिवारी कर्जतकडच्या आपल्या गावी आईला बघायला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. आसारामने त्यांच्या सदऱ्यांवर एक रेघ दिली, आणि तेही हातपोच झाले. स्वयंपाकघर नाही, बाई नाही, तरी हातपोच! म्हणजे माणूस आसारामलाही आवडला होता, हे ध्यानात घ्या.

मला एकोणतीस पूर्ण झाली होती. वडील गेले, नोकरी लागली, आणि मग हे वर्ष नको पुढचं बघू करता करता माझं लग्न राहूनच गेलं. आई उघड काही म्हणत नसे, पण दुसऱ्याच्या लग्नाच्या अक्षता आल्या की तिचा चेहरा पडायचा. पोस्टमास्तरांनी उत्तमरावांचं स्थळ सुचवलं. ते आले, पोहे खाल्ले, माझ्या नोकरीची चौकशी जरा जास्तच केली, पण ती सगळेच करतात. म्हणाले, "मी एकुलता एक. भाऊ नाही, बहीण नाही. तुमच्या मुलीला नणंदेचा जाच नाही की जावेचा नाही." आई तर तिथेच विरघळली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडले होते. त्या रात्री आरशात मी जरा जास्त वेळ बघितलं. चैत्रातल्या शुक्रवारी साखरपुडा ठरला. आईने अट घातली, मी तिचा लग्नातला शालू नेसायचा.

तो शालू पेटीत राहून राहून कापूर आणि डांबरगोळ्यांच्या वासाचा झाला होता. सोमवारी आसाराम आला तेव्हा मी तो त्याच्या हातात दिला. "आसारामदादा, हा नगरला पाठवा. गुरुवारी हवाच. शुक्रवारी साखरपुडा आहे माझा."

आसारामचा चेहरा इतका फुलला की मिशा वर गेल्या. "कुनासंगं बाई?"

"रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसीयर."

मिशा खाली आल्या. त्याने शालू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "सडकंवरलं सायेब?" एवढंच म्हणाला. मग आमच्या घरचे बाकी कपडे न मोजताच गठ्ठ्यात कोंबले आणि निघाला. कपडे न मोजता जाणारा आसाराम मी पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. भूगोल शिकवणाऱ्या बाईला समोरच्या माणसाच्या तोंडावरचं हवामान कळू नये, म्हणजे कमालच.

गुरुवारी शाळेतून पाच वाजता घरी आले. आई म्हणाली, "आसाराम कपाट लावून गेला. आज चहासुद्धा घेतला नाही त्याने." मी आनंदात कपाट उघडलं. वरच्या फळीवर शालूची जागा. तिथे शालू नव्हता. तिथे पुरुषांचे सदरे होते, पाटलोणी होत्या, लेंगे होते, एक गठ्ठाच्या गठ्ठा. पुरुषांचे कपडे, माझ्या कपाटात, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी! मी अशी काही ओरडले की पोस्टमास्तरांच्या घरची बाई चुलीवरचं दूध सोडून दारात आली.

"म्हातारा झाला तुझा आसाराम!" मी आईवर डाफरले. "मोठा दिमाख मिरवतो, एक रुमाल चुकत नाही म्हणून!" बडबडत गठ्ठा बाहेर ओढला आणि हे कुणाचे कपडे ते बघायला सदऱ्याची कॉलर उलटली. खूण होती. एक जुनी, धुऊन धुऊन तांबूस झालेली रेघ. तिच्या शेजारी दुसरी रेघ, काळीभोर, ताजी. आणि त्यांच्या पुढे एक टिपका.

मी दुसरा सदरा बघितला, तिसरा बघितला. सगळीकडे तेच. जुनी रेघ एक, नवी रेघ एक, नवा टिपका एक. सदऱ्यांच्या खाली इस्त्री केलेल्या दोन चोळ्या होत्या. आणि सगळ्यात तळाशी माझ्या तळहाताएवढं एक झबलं, त्याच्या कडेलाही तसाच टिपका. खिशात राहिलेली वस्तू आसाराम नेहमी चिंधीत बांधून गठ्ठ्याच्या कोपऱ्याला गाठ मारी. गाठ सोडली तर आत काळ्या मण्यांची मनगटी निघाली, बाळाच्या हातातली, दोरा तुटलेली.

एका जुन्या रेघेचे सदरे म्हणजे उत्तमरावच. कर्जतकडे पाण्याचा ठणठणाट होता, हे पेपरात रोज येत होतं. तिकडच्या त्या बाईने बिचारीने, नवऱ्याच्या गावी परटाला निदान दोन कोसांवर विहीर तरी आहे म्हणून, आपले आणि लेकराचे चार कपडे त्याच्या पिशवीत घातले असतील. त्याने सोमवारी ती पिशवी न बघता परटाच्या सायकलवर टाकली, आणि आमच्याकडे येण्याआधीच आसारामने ती मोजली होती. ही अक्कल, आणि निघाले दोन संसार करायला!

आईने झबलं उचललं, उलटंपालटं केलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि राग आला की मी चालायला लागते. गठ्ठा जसाच्या तसा बांधला आणि भर उजेडात बाजारातून रतनबाईंच्या घरी गेले.

उत्तमराव खोलीत खाटेशी उभे होते. खाटेवर कागदात गुंडाळलेला आईचा शालू. माझ्या हातातला गठ्ठा बघताच त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. दारात रतनबाई कान टवकारून उभी, म्हणून मी आवाज खाली आणला. आयुष्यात एवढ्या हळू मी कधी बोलले नव्हते.

"हे झबलं कुणाचं?"

"बहिणीच्या मुलीचं," ते चटकन म्हणाले.

"कुठल्या बहिणीच्या? तुम्ही तर एकुलते एक ना?"

ते म्हणाले, "तो परीट अडाणी आहे. काहीही खुणा करतो."

"अडाणी आहे," मी म्हटलं, "पण त्याला मोजता येतं." गठ्ठा खाटेवर ठेवला, शालू उचलला. निघताना राहवलं नाही म्हणून मनगटी त्यांच्या हातावर ठेवली. "ही ओवून घ्या. लेकराचा हात मोकळा ठेवू नये." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने उत्तमराव गेले ते पुन्हा पारनेरात दिसले नाहीत. साखरपुड्याचं लोकांना आम्ही सांगितलं, योग नव्हता.

शालू घेऊन मी तडक आसारामच्या घरी गेले. त्याची बायको झुंबरबाई दारात कोळसे पाखडत होती. आसाराम आत इस्त्रीजवळ बसला होता, पण इस्त्री थंड होती. मला बघून उभा राहिला आणि हात जोडले. "चूक झाली, बाई."

"चूक?" मी म्हटलं. "आसारामदादा, तुमचे उपकार मी कसे—"

"चूक झाली," तो घाईने म्हणाला. "दोन गठ्ठे हुते, अदलाबदल झाली. आन तुमी ह्येच समद्यांना सांगायचं. तुमच्या पाया पडतो. परटानं एका घरचं कापड दुसऱ्या घरला मुद्दाम दावलं, आसं गावाला कळलं, तर उद्या माझ्या सायकलीवर कोन रुमाल टाकंल?"

मी म्हटलं, लोक तर विचारणारच. रतनबाईने मला गठ्ठा घेऊन जाताना पाहिलंय. त्यावर त्याने जो उपाय सांगितला तो ऐकून मला हसावं की रडावं कळेना. "बाजाराच्या दिशी मला चारचौघांत झापा. चांगलं झापा. तुमाला जमंल ते."

झुंबरबाई मागून म्हणाली, "लई झापू नका पर, बाई. त्यांना सवय न्हाई."

आणि मी झापलं. भर बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी, सगळ्या गावादेखत. "डोळे फुटले का तुमचे? परक्या पुरुषाचे लेंगे माझ्या कपाटात? म्हातारचळ लागला का?" असलं काय काय बोलले. ज्याने मला वाचवलं त्याला. आसाराम हात जोडून, मान घालून उभा. मधेच मी थांबले, कारण मला पुढचं सुचेना आणि डोळे भरायला लागले होते, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "अजून येक-दोन टाका बाई, वकील आत्ताच आलंत." मी टाकले. वकील पोट धरून हसले.

पुढे किती वर्षं ती चेष्टा चालली! "काय आसाराम, आज कुणाचा लेंगा कुणाकडे?" लहान पोरंसुद्धा सायकलमागे ओरडत. एक रुमाल चुकला नाही हे सांगणारा माणूस, पण त्याने पुन्हा ते वाक्य तोंडातून काढलं नाही. लोकांनी कपडे देणं मात्र सोडलं नाही. चुकणारा परीट गावाला चालतो.

दोन वर्षांनी मला अकोल्याकडच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. त्यांची बदली पारनेरला झाली होती. मी आईला सांगितलं, पसंती वगैरे नंतर, आधी त्यांचे कपडे महिनाभर आसारामकडे जाऊ देत. आई म्हणाली, असं कुठे असतं का. पण असंच झालं. चार गुरुवार गेले. पाचव्या गुरुवारी आसारामने माझं कपाट लावता लावता, कुणी काही विचारलेलं नसताना, भिंतीकडे बघत म्हटलं, "नव्या मास्तरांची समदी कापडं येका रेघंचीच हायेत. भात सांडत्यात सदऱ्यावर. बाकी काय न्हाई." मी त्यांच्याशी लग्न केलं. भात ते शेवटपर्यंत सांडत राहिले. वर्षभराने आमच्या दोन रेघांपुढे पहिला टिपका आला, तेव्हा आसाराम ते झबलं गठ्ठ्यात न घालता हातावर घेऊन आला होता.

आसाराम थकला, सायकल सुटली, तेव्हा मी त्याला भेटायला गेले. या वेळी घरात आम्ही दोघंच होतो. म्हटलं, "आसारामदादा, आता तरी कबूल करा. तो गठ्ठा तुम्ही मुद्दाम टाकलात."

"चूक झाली हुती, बाई," तो म्हणाला. मग माझ्या पदराकडे बघितलं, तिथे शाईचा डाग होता, आणि नेहमीसारखं कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पर तसा गठ्ठा पुन्ना आला, तर मी पुन्ना चुकीन."